बरीच वर्षं उभी राहिलेली जुनी जीप: गिअर पडत नाही, चाक हलत नाही, तर काय तपासायचं

कोकणातल्या पडवीत नाहीतर घाटमाथ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार पावसाळे काढलेली महिंद्रा जीप बाहेर काढायची ठरली, की नवी बॅटरी टाकून आणि डिझेल लाइनमधली हवा काढून इंजिन बहुतेक वेळा सुरू होतं. अडतं ते त्यानंतर. गिअर पडत नाही, किंवा पडला तर गाडी जागची हलत नाही. मग जमलेल्यांपैकी कुणीतरी उभ्या उभ्या ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून टाकतो आणि ट्रॅक्टरला दोर बांधला जातो. अशा दहा गाड्यांमधल्या बहुतेकींच्या गिअरबॉक्सला तोवर काहीही झालेलं नसतं. हॅन्डब्रेक चिकटलेला असतो, क्लचप्लेटनं फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक) धरलेलं असतं, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलकडे फिरणं नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा वळता सांधा, गंजलेला असतो. ट्रॅक्टरनं ओढल्यावर मात्र काहीतरी खरंच मोडतं.

खालची माहिती सीजे३बी, सीजे५००, एमएम५४०, एमएम५५० या जुन्या फोर व्हील (लिव्हर टाकला की चारही चाकं ओढणाऱ्या) जीपांसाठी आहे. मॉडेल आणि साल बदललं की गिअरबॉक्स, हब, क्लचची जोडणी बदलते, आणि या गाड्यांत मधल्या काळात कुणी काय बसवलंय याचा नेम नसतो. तपासायचा क्रम मात्र तोच राहतो.

लक्षणं

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, इंजिन सुरू केलं की ‘खर्रर्र’ होऊन एकही पडत नाही: क्लच सुटत नाहीये. गिअरबॉक्सकडे बघूही नका.

गिअर पडतो, क्लच सोडला की गाडी मागून दाबल्यासारखी बसते आणि इंजिन बंद पडतं: ब्रेक किंवा हॅन्डब्रेक धरलेला आहे.

गाडी निघते, पण निघताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना दरवेळी ‘टक्’ असा एकच आवाज येतो: क्रॉस, नाहीतर शाफ्टची स्प्लाइन (सरकत्या जोडाचे दात).

निघताना सगळी गाडी थडथडते, वेग घेतल्यावर शांत होते: फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर (क्लचप्लेट दाबून धरणारा भाग) गंजाचे पट्टे आहेत. नुसतं एवढंच असेल तर पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर ते बरेचदा घासून जातात.

वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर किंवा शिट्टी: चाकाचं बेअरिंग किंवा डिफरन्शियल (एक्सलच्या गोळ्यातले गिअर, ज्यांमुळे दोन चाकं वेगवेगळी फिरू शकतात).

फोर व्हीलचा लिव्हर हलतच नाही, किंवा पडतो पण पुढची चाकं ओढत नाहीत: ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) गंजलेला शाफ्ट, नाहीतर पुढचे हब.

हात लावण्याआधी

गाडी सपाट जागी आहे ना ते बघा, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. घोडी (जाड लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. प्रोपेलर शाफ्टला बसवलेला हॅन्डब्रेक आणि गिअर हे दोन्ही डिफरन्शियलच्या पलीकडे असतात. त्यामुळे मागचं एक चाक उचललं की गाडी गिअरमध्ये असूनही पुढे सरकू शकते. गुटके कशासाठी, ते यावरून कळेल.

१. तेल: खर्च शून्य, आणि सगळ्यांत आधी

गाडी हलवण्याआधीच हे करायचं, कारण हलवली की पुरावा ढवळला जातो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या हाऊसिंगमध्ये पाणी जड म्हणून तळाला बसलेलं असतं. आधी तेल भरायचा वरचा नट सुटतो का ते बघा. तो सुटत नसेल तर खालच्याला हात लावू नका, नाहीतर तेल काढून बसाल आणि भरायला वाट नसेल. वरचा सुटला की खालचा ड्रेन नट जेमतेम सैल करा आणि पहिले चार-पाच चमचे काचेच्या बाटलीत धरा. आधी गढूळ पाणी आणि मग तेल आलं, तर काय झालंय ते कळलं. दुधाळ, चहाच्या रंगाचं तेल आलं तर पाणी त्यात मिसळून गेलेलं आहे. शंका असेल तर गरम तव्यावर थेंबभर टाकून बघा, चेहरा लांब ठेवून. तडतडलं तर पाणी.

हीच तपासणी चार ठिकाणी करायची: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, मागचं डिफरन्शियल, पुढचं डिफरन्शियल. पुढचं सगळे विसरतात.

पाणी येतं कुठून? बहुतेक ब्रीदरमधून. एक्सलच्या हाऊसिंगवर छोटी टोपी किंवा नळी असते. गाडी तापते तेव्हा आतली हवा तिथून बाहेर जाते, निवते तेव्हा आत येते. उभ्या गाडीतही दिवस-रात्रीच्या गरम-थंडीनं हेच चालू असतं, आणि पावसाळ्यात आत जाणारी ती हवा ओली असते. टोपी हरवली असेल तर पाण्याला सरळ वाट. उलट बाजूनं, कुंभारमाशीला हे भोक फार आवडतं. ती मातीनं ते लिंपून टाकते, मग चालू गाडीत दाब बाहेर पडू शकत नाही आणि तेल सीलमधून निघतं. नवं सील बसवून आठ दिवसांत पुन्हा गळती लागली, तर आधी ब्रीदरमध्ये तार घालून बघा.

नटाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा, लोण्यासारखा मऊ थर चालतो. ती रोजची झीज आहे. नखाला टोचणारा कण, चकाकता तुकडा किंवा दाताचा टवका मिळाला, तर तो भाग उघडल्याशिवाय गाडी चालवायची नाही.

नवं तेल भरताना एक चूक नेहमी होते. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ईपी ९० लागतं, कारण त्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचे दात एकमेकांवर घसरत चालतात. उरलेलं तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. सिंक्रोच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगांना घर्षण हवं असतं, आणि जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही तेलांत पितळेला खातात. गिअरबॉक्सला जीएल-४. ट्रान्सफर केसलाही जीएल-४ च ठेवा, कारण जुन्या जोडणीत एकाचं तेल दुसऱ्यात उतरतं. गिअरबॉक्समध्ये तेल कमी आणि ट्रान्सफर केसमध्ये भोकाच्या वर आलेलं दिसलं, तर ते हेच. दोन्ही डिफरन्शियलना मिळून तीनेक लिटर हाताशी ठेवा. माप मात्र एकच, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला लागेपर्यंत.

२. हॅन्डब्रेक आणि चाकांचे ब्रेक

जुन्या जीपांचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक छोटा ड्रम असतो, त्यावर. गाडी शेडमध्ये उभी करणाऱ्यानं सवयीनं तो ओढून ठेवलेला असतो, आणि दोन पावसाळ्यांत लायनर (ब्रेकचा घासणारा पट्टा) ड्रमला धरून बसतो. वरून बघणाऱ्याला हे थेट गिअरबॉक्स जॅम झाल्यासारखंच वाटतं.

तपासायचं असं: गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसही न्यूट्रल, हॅन्डब्रेक पूर्ण खाली. मागचं एक चाक उचलून घोडी लावा आणि हातानं फिरवा. चाक फिरलं आणि बरोबर शाफ्टही फिरला, तर मागची बाजू मोकळी. चाक अजिबात फिरत नसेल तर दुसरं चाकही उचलून घोडीवर घ्या, म्हणजे दोन्ही चाकं जमिनीपासून सुटलेली. आता एक चाक पुढे फिरवलं की दुसरं उलट फिरलं आणि शाफ्ट जागचा हलला नाही, तर दोष शाफ्टच्या पुढे, म्हणजे हॅन्डब्रेक किंवा ट्रान्सफर केस. एकच चाक घट्ट असेल तर त्या चाकाचा ब्रेक.

हॅन्डब्रेकची केबल किंवा रॉड ड्रमपाशी सोडून टाका, कारण बऱ्याचदा केबलच गंजून ओढलेली राहते. मग लाकडी हातोड्यानं ड्रमच्या कडेवर चारी बाजूंनी ठोका आणि शाफ्ट हातानं मागे-पुढे झुलवा. गॅस मारून तापवू नका; तिथंच ऑइल सील आहे. चाकाच्या ड्रमलाही तीच युक्ती, पण आधी ॲडजस्टर सैल करायचा. ड्रम निघाल्यावर आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ब्रेकचं काम क्लचच्या आधी ठेवायला कारण आहे. क्लच सोडवताना गाडी थांबवायला ब्रेकशिवाय दुसरं काही हातात नसतं.

३. क्लच

आधी पेडल. हातानं दाबून बघा: वरचा साधारण २५ मिलिमीटरचा प्रवास सैल असावा, मग वजन लागावं. सैल प्रवास फार असेल तर प्लेट सुटण्याइतकी ओढच पोहोचत नाही. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खालून बेल हाऊसिंगमधून (क्लचभोवतीच्या घरातून) बाहेर आलेला फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दांडा, बघायचा. पेडल पूर्ण गेलं आणि फोर्क जेमतेम हलला, तर दोष मधल्या जोडणीत: गंजलेली केबल, झिजलेल्या पिना. नव्या पिना आणि थोडं ॲडजस्टमेंट यावर काम भागतं. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यानं सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात, आणि खड्ड्यांवर नवं रबर टिकत नाही. अशा वेळी नुसतं किट न टाकता सिलिंडरच बदला. त्यात इंजिन ऑइल कधीही घालू नका. रबर फुगून बसतं.

बेल हाऊसिंगच्या खालच्या फटीतून टॉर्च मारून आतही बघा. उंदरांचं घरटं निघणं नवलाचं नाही, आणि कापसाचा बोळा प्रेशर प्लेटमध्ये अडकला तरी लक्षण तेच दिसतं.

फोर्क पूर्ण हलतो आणि तरी गिअर पडत नाही, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटली. सोडवायचे तीन टप्पे, हलक्यापासून जडाकडे.

पहिला: पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये दांडका अडकवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी कधीकधी नुसत्या ताणानंच सुटलेली असते.

दुसरा: इंजिन न्यूट्रलमध्ये वीसेक मिनिटं चालवून पुरतं गरम करा आणि बंद करा. टॉप गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा, फूटब्रेक जोरात दाबून ठेवा आणि स्टार्टर दोन-तीन सेकंदांचा झटका देऊन सोडा. टॉप गिअरच का, तर त्यात चाकांपर्यंत पोहोचणारा जोर सर्वांत कमी असतो, म्हणून ब्रेक चाकं धरून राहतात आणि सगळा पीळ प्लेटवर येतो. तीन-चार झटके पुरे. त्याहून जास्त दिले तर स्टार्टर जळेल.

तिसरा, आणि समोर शंभर-दीडशे मीटर मोकळं सपाट मैदान असेल तरच: गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, स्टार्टरनंच गाडी निघेल आणि इंजिन पकडेल. क्लच दाबूनच ठेवायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा, एकदम सोडायचा, पुन्हा दाबायचा. उलटसुलट झटक्यानं गंज तुटतो. ‘फट्’ असा आवाज होऊन गाडी मोकळी धावू लागली की झालं. समोर माणूस, भिंत, विहीर काही नको. थांबवताना ब्रेक दाबला तरी इंजिन ओढत राहील, म्हणून इंजिन बंद करायच्या नॉबवर हात ठेवून बसा.

बेल हाऊसिंगमध्ये गंज सोडवायचा स्प्रे मारायचा मोह होतो. मारू नका. लायनर तेल पितो, आणि चिकटलेल्या क्लचच्या जागी घसरणारा क्लच मिळतो. गिअरबॉक्स उतरवावा लागतोच.

तिसऱ्या टप्प्याचे चार-पाच प्रयत्न फसले की थांबायचं. पुढचं काम गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र खाली घेण्याचं आहे. ते वजन दोन माणसांनी छातीवर पेलायचं काम नव्हे. गॅरेजला द्या आणि उतरवलाच आहे तर प्लेट, रिलीज बेअरिंग, पुढचं ऑइल सील एकदमच बदलून घ्या.

४. क्रॉस आणि प्रोपेलर शाफ्ट

गाडीला गुटके, गिअर न्यूट्रल. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) दोन हातांत धरून उलट दिशांना पिळा, मग वर-खाली उचलून बघा. हाताला किंचितही खेळ लागला तर क्रॉस गेला. यात ‘थोडा चालेल’ असं काही नसतं. क्रॉसच्या टोकावरच्या टोपीच्या कडेला मिरचीपुडीसारखी लाल भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुयांची पूड झालेली आहे. खेळ नाही पण शाफ्ट एका बाजूला घट्ट, अडखळत वळतो, तर एक टोपी जॅम आहे. अशी गाडी चालते, पण थरथरते आणि काही दिवसांत ट्रान्सफर केसचं सील फोडते.

हातानं चालवायच्या गननं लिथियम बेसचं २ नंबर ग्रीस मारा. जुनं काळं-लाल ग्रीस निघून चारही टोप्यांमधून नवं दिसायला हवं. तीनच टोप्यांमधून आलं तर चौथीची वाट बंद आहे आणि पहिली तीच मोडणार. शाफ्ट हातानं हलवत पुन्हा मारून बघा. नाही आलं तर क्रॉस बदला.

बदलताना शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर आणि फ्लॅन्जवर छिन्नीची किंवा रंगाची खूण करा. स्प्लाइनमध्ये शाफ्ट परत घालताना त्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला हवेत. दोन दात इकडे-तिकडे झाले तरी चाळीसच्या वेगाला गाडी थरथरेल आणि तुम्ही नव्या क्रॉसला शिव्या घालत बसाल. टोपी बसवताना एक सुई आडवी पडून तळाशी जाते, हे नेहमीचं. ओळखायचं असं: टोपी शेवटच्या एक-दोन मिलिमीटरवर अडते आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. तिथं हातोडा मारायचा नाही. टोपी काढायची, सुया ग्रीसमध्ये चिकटवून पुन्हा उभ्या करायच्या.

५. फोर व्हीलचा लिव्हर आणि पुढचे हब

लिव्हर दगडासारखा घट्ट असेल तर आधी मॉडेलची रचना आठवा. जुन्या दोन लिव्हरच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर व्हील टाकल्याशिवाय लो पडतच नाही. आत मुद्दाम तशी अटक ठेवलेली असते. तिला बिघाड समजून लिव्हर वाकवलेल्या गाड्या कमी नाहीत.

खरा बिघाड बहुतेक शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकांवर असतो. लिव्हर ज्या दोन दांड्यांना ओढतात त्या केसमधून थोड्या बाहेर डोकावतात, आणि उघड्या भागावर गंज चढतो. गंज सोडवायचं तेल दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस लावा. मग बारीक पॉलिश पेपरनं, हलक्या हातानं घासा. जाड एमरीनं ओरखडे पडले तर दांडी आत-बाहेर होताना सील कापत जाईल. लिव्हरखालची पिनही ग्रीस करा. इंजिन बंद ठेवून एकानं गाडी पुढे-मागे झुलवायची, दुसऱ्यानं लिव्हर हलका दाबून ठेवायचा. दात समोरासमोर आले की आपोआप पडतो.

फोर व्हील पडल्यावर निघत नसेल, आणि गाडी डांबरी रस्त्यावर किंवा फरशीवर चालवली असेल, तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठलाय. आठ-दहा फूट रिव्हर्स घ्या, मोकळा होईल. बाहेर काढताना मागे दोनच नवे टायर टाकले असतील तरी असंच होतं: घेर वेगळे, म्हणून सरळ रस्त्यावरही पीळ चढतो.

पुढची चाकं ओढत नसतील तर फ्री-व्हील हब (पुढचं चाक एक्सलला जोडणारा-सोडणारा हब) बघा. पुढचं चाक उचलून हब लॉकवर घ्या, चाक फिरवल्यावर एक्सलही फिरला पाहिजे. फिरत नसेल तर हबचं झाकण उघडा, वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस डिझेलनं धुवा आणि नवं अगदी पातळ थरानं लावा. गच्च भरलेलं ग्रीस आतल्या स्प्रिंगला हलू देत नाही. पुढच्या चाकामागच्या, स्टिअरिंगबरोबर चाक ज्यावर वळतं त्या गोल बॉलवर गंज असेल तर तो आधी साफ करा, नाहीतर पहिल्याच वळणाला त्याभोवतीचं सील फाटेल.

६. डिफरन्शियलची घरघर

इथं घरचं काम संपत आलं. उभ्या गाडीत तेल खाली ओघळतं आणि दातांचा, बेअरिंगचा वरचा भाग उघडा राहतो. तेवढ्याच भागावर गंजाचे खड्डे पडतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आवाज आणि सोडल्यावर दुसरा, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग. गाडी डावीकडे वळवल्यावर वाढतो आणि उजवीकडे वळवल्यावर कमी होतो, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर आधी संशय घ्या, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. चाकाचं बेअरिंग धुऊन, निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बदलून, ग्रीस भरून बसवणं घरी जमतं.

क्राऊन-पिनियन मात्र जमत नाही. दातांमधला खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत बसवावा लागतो, पातळ शिम घालून-काढून, डायल गेज लावून. अंदाजानं बसवलेला क्राऊन पहिल्या घाटात आवाज करतो आणि तिसऱ्या घाटात दात टाकतो. तसंच, मागचा हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर चावी (खाचेतली लोखंडी पट्टी) घालून बसवलेला असेल आणि साध्या पुलरनं निघत नसेल, तर ठोकाठोकी थांबवा. त्याला जड पुलर लागतो, आणि तो सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, म्हणून मोठा नट टोकावर सैल ठेवूनच काढायचा असतो. हे काम जीपच्या जुन्या मेकॅनिककडेच द्या.

पहिली फेरी

सगळं मोकळं झालं तरी थेट घाटात जाऊ नका. दोन किलोमीटर टू व्हीलमध्ये, तीसच्या आत. थांबून चारही हबला आणि दोन्ही डिफरन्शियलना हात लावून बघा. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर तिथं ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग आवळलंय. मग पंधरा-वीस किलोमीटर, आणि रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून कोणतं सील गेलंय ते कळतं. सुकलेली सीलं पहिल्या आठवड्यात थोडं तेल सोडतात आणि काही भिजून पुन्हा धरतात. आठवड्यानंतरही तळहाताएवढा डाग रोज पडत असेल तर बदला.

ज्या हाऊसिंगमध्ये पाणी सापडलं होतं, त्यातलं नवं तेल दोन-तीनशे किलोमीटरनंतर गरम असतानाच पुन्हा काढून टाका. कोपऱ्यात आणि बेअरिंगच्या मागे राहिलेलं पाणी तोवर त्यात उतरलेलं असतं, आणि बाटलीत धरलं की दिसतंही.